इसाव्यावर ठिनगी येईना

न्हाई, पन दोरी वढायची तरी किती? तुमीच सांगा की! मानसाचा हात हाय का मोटंचा नाडा? वढली… फुस्स. परत वढली… फुस्स. पाय रोवून, दात खाऊन, देवाचं नाव घिऊन वढली… फुस्स! ठिनगी काय येईना. आन मागं सगळं गाव उभं, टोप्या हातात घिऊन, आन त्या सगळ्यांच्या मधी, खाली जमिनीवर, तिरडीवर आमचा मुंजाजी. निवांत. तेवढा एकच मानूस निवांत होता बघा त्या दिवशी. बाकी समदे मला शिकवायलते.

थांबा, नीट सांगतो. गवत कापायचं मशीन हो! पेट्रोलवर चालतंय ते… गळ्यात पट्टा अडकवायचा, लांब दांडी, मागं बारकं इंजन आन ते चालू करायला वढायची दोरी, म्होरं गरगर फिरनारी नायलॉनची दोरी. आमच्या ग्रामपंचायतीनं घेतलेलं. घेतलं ग्रामपंचायतीनं, पन चालवायचा एकटा मुंजाजी. शाळंपुढचं गवत मुंजाजी, टाकीभोवतीचं गवत मुंजाजी, मसनवाट्याची वाट मुंजाजी. दुसऱ्या कुनी दोरी वढली की ते मशीन मुकं व्हायचं, आन मुंजाजीनं नुस्तं हात फिरवला, कुठंतरी खुटखुट केलं की भुर्रर्र! मी इचारायचो, "मुंज्या, काय करतो रं तू तेला?" तर हसायचा. म्हनायचा, "तेचा स्वभाव हाय अमृत, समजून घ्यावा लागतोय." स्वभाव! अरे, घरच्या बायकोचा स्वभाव समजंना मला, मशीनचा कुठून समजायलाय?

तर औंदा सगळा पावसाळा मुंजाजी खाटंवर. आदी कावीळ, मग पोट फुगलं, परभनीला नेलं, आनलं, परत नेलं, परत आनलं, आन पोळा झाला तसा गेला. माझा लंगोटीयार हो! एका पाटीवर लिहिलं, एका बांधावर भाकरी खाल्ली. रडावं म्हनलं तर रडायला फुरसत कुठं होती? कामून म्हनाल, तर मुंजाजी खाटंवर म्हंजे मशीन खुंटीवर, आन मशीन खुंटीवर म्हंजे मसनवाट्याची वाट कंबरंएवढ्या गवतात. गवत तरी साधं का? गाजरगवत, बोराटी, कुसळं… एका अंगाला वढा, दुसऱ्या अंगाला चर, मधी ही एवढीशी पायवाट, आन ती बी दिसंना. वरून त्याच गवतात घोनस निघालेली, सगळ्या गावानं बघितलेली. ट्रॅक्टर घालावा तर काळ्या रानाचा राडा, टायर फसला की पोळ्याचा दसरा होतंय. आता तुमी म्हनाल, पावसाळाभर कुनाच्या मनात आलं न्हाई का, की वाट कापावं? आलं की! का येनार न्हाई? मुंजाजी बरा झाला की कापतोय, असं आलं सगळ्यांच्या मनात.

तर त्या दिवशी घरापुढं तिरडी बांधून तयार, आन जिंतूरच्या अंगानं आभाळ काळंभोर चढायलेलं. पंडितकाका, म्हंजे आमच्या गावातलं सगळ्यात जुनं मानूस, कुनाचीबी मय्यत असो, काका म्होरं… ते आभाळाकडं बघायलेत आन म्हनायलेत, "उरका रं बाबांनो, लाकडं भिजली तर अर्ध्यात ईझंल, मग मुंजाजीची दशा बघवायची न्हाई." आन हे नेमकं दारात बसलेल्या केवळाबाईनं ऐकलं. मुंजाजीची बायको. तिनं रडता रडता माझ्याकडं बघितलं आन म्हनली, "भाऊजी, तेन्ला भिजू देऊ नका. कालपातूर ताप होता तेन्ला."

आता ह्याच्यावर मानसानं काय बोलावं? आन जे बोलू नये नेमकं तेच माझ्या तोंडातून गेलं. म्हनलं, "उचला तुमी! इसाव्यावर येस्तोर मी वाट मोकळी करून ठेवतो." कोन म्हनलं? मी म्हनलं! ज्याला मशीनचा म चालू करता येत न्हाई, तो म्हनला! खुंटीवरनं मशीन काढलं, काम मधी अडू नये म्हनून टाकी पार गळ्यापर्यंत भरली, खांद्यावर मारलं आन पळालो म्होरं. मनात हिशेब लावलेला, की ते येस्तोर वाट करायची, मशीन ठेवून द्यायचं, आन इसाव्यापासून म्होरला उजवा खांदा माझा. मुंजाजीला खांदा द्यायचा होता मला. दुसरं काय मागनं होतं माझं?

इसावा तुमाला ठाऊकच हाय. निम्म्या वाटंवर तिरडी टेकवायची, तोंड फिरवायचं, खांदेकरी बदलायचे. आन एकदा तिथं तोंड फिरलं की मग मानूस मागं न्हाई, काय वाट्टंल ते होवो. तर मी गवतापुढं उभा. बटन चालू केलं. तो पेट्रोलचा फुगा असतोय, तो दाबला, पेट्रोल आलं. चोक वढला. दोरी वढली… फुस्स. म्हनलं, आसंल, झोपलंय लय दिवस, आळस आला आसंल. वढली… फुस्स. वढायलोय, वढायलोय, आन मागनं आवाज यायलाय, "राम बोलो भाई राम"… जवळ यायलाय! म्हनलं, अरे हळू या की रं, घाई काय लागलीय? आले. टेकवलं. तोंड फिरवलं. आन सगळे माझ्याकडं बघायलेत, मी गवताकडं बघायलोय, आन गवत जसंच्या तसं डुलायलंय.

पंडितकाका म्हनले, "काय रं अमृत?" म्हनलं, "काका, ठिनगी येईना वाटतंय."

आता तुमी म्हनाल, एवढी मानसं होती, इळे घेतले असते तर कवाच वाट झाली असती. अगदी बराबर! पन इळे कुठं? इळे घरी. मग आना की घरून? तर न्हाई! मयतीतून मधनंच मागं फिरून घरात पाय ठेवू नये. गेलंच कुनी तर आंघोळ करावं, आन मग परत मयतीत येऊ नये. पंडितकाकानं डोळेच वटारले. "आजपातूर असं झालं न्हाई, आन माझ्या डोळ्यादेखत व्हायचं न्हाई." बरं, फोन लावून मागवावं म्हनलं, तर गडीमानूस झाडून इथं, घरी नुस्त्या बाया, आन बायांनी इसाव्यापातूर यायचं न्हाई! म्हंजे कापनारे हात शेकड्यानं, आन कापायला हत्यार म्हनून मानसांनी डोक्यावर आनलेल्या लाकडाबरूबरची एक कुऱ्हाड. एका मानसानं कुऱ्हाडीनं गवत तोडायलाबी सुरुवात केली, तुमाला सांगतो! एक दनका घातला, कुऱ्हाड गवताखालच्या चिखलात रुतून बसली, ती काढायला दोघं गेले. म्हनलं, राहू द्या बाबा, अशानं वाट होस्तोर मुंजाजीचा तेरावा हितंच घालावा लागंल.

मग म्होरं आला भुजंग. भुजंगाकडं फवारनीचा पेट्रोल पंप हाय, म्हनून तो सोताला इंजनेर समजतोय. आन मुंजाजीचं आन तेचं बांधावरून वाकडं, बोलनं बंद! तरी आलाच मयतीला, मागं मागं, खालमुंडी घालून. पन मशीन बंद पडलेलं बघितलं आन तेच्या अंगात संचारलं. "सरक बाजूला. दे इकडं. लय सोपं असतंय. प्लग काळा पडला आसंल. काढ प्लग!" म्हनलं, "कशानं काढू? नखानं?" प्लग काढायचा पाना लागतोय की! "मग पाना कुठाय?"

पाना कुठाय… आता हे कसं सांगू? पाना मुंजाजीच्या उशाला होता.

हो! तिरडीवर! आमच्यात मानसाची आवडीची चीजवस्तू संगं देतेत ना, तशी मुंजाजीच्या पोरानं, हरिओमनं, एका बाजूला तंबाखूची चंची ठेवलेली आन दुसऱ्या बाजूला हा प्लगचा पाना. हरिओम पुन्याला कंपनीत हाय, बापाला लय जीव लावायचा. तेला वाटलं, बापाच्या कमरंला जलमभर हे असायचं, संगं जाऊ द्या. आता सगळं गाव त्या पान्याकडं बघायलंय. कुनाचा हात धजंना. पंडितकाका म्हनले, "मेल्या मानसाला दिलेलं माघारी घेऊ नये. पाप हाय." तर भुजंग म्हनतोय कसा, "काका, माघारी कुठं घ्यायलोत? उसनं घ्यायलोत! काम झालं की तेचं तेला परत." काकानं इचार केला. बराच केला. मग म्हनले, "उसनं घ्यायला हरकत न्हाई. पन इचारून घ्या."

इचारून घ्या! कुनी इचारायचं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बसलो गुडघ्यावर, मुंजाजीच्या कानापाशी, आन भर गावात, दिवसाढवळ्या म्हनलं, "मुंज्या, जरा पाना दे बरं. लगेच देतो." आन इतकी सवय हो मला तेच्याकडनं पाना मागायची, की मी हात म्होरं करून तसाच बसलो. देईल म्हनून. हरिओमनंच मग उचलून माझ्या हातात ठेवला.

प्लग काढला. काळाकुट्ट, आन पेट्रोलनं गच्च वला. भुजंग लगेच, "बघा! म्हनलं न्हवतं? एवढी दोरी वढून वढून पेट्रोल प्याला तो. घासा तेला, धुवा तेला." घासायला कागद न्हाई, तर काडीपेटीची खरखरीत बाजू घेतली. धुवायला टाकीतलंच पेट्रोल घेतलं एका द्रोनात. समदे वाकून बघायलेत, आन मी धुवायलोय, आन मला वाटलं मानेवर उबारा कामून यायलाय? मान वर करतोय तर हरिओम! हातात इस्तवाचं मडकं घिऊन, पार माझ्या खांद्यावरून वाकून बघायलाय! बापाला अग्नी द्यायला घरून आनलेला इस्तू हो, शिंकाळ्यात लटकायलाय, निखारे लालबुंद, आन खाली द्रोनात पेट्रोल! मी जी आरोळी ठोकली, "मागं हो रं बाबा! एकाच्या जागी चौघं जातेत!" तसं सगळं गाव एका दमात मागं सरलं. इतकं सरलं की तिरडीपाशी कुनीच राहिलं न्हाई. आन बघा कशी गंमत, मडक्यात इस्तू नुस्ता धगधगायलाय, आन मशीनमधी? ठिनगी येईना!

प्लग धुतला, वाळवला, बसवला, वढली दोरी… फुस्स. भुजंग म्हनला, "आता तपासावं लागंल. प्लग बाहेर काढून टोपीत खोचायचा, तेचं बूड इंजनच्या लोखंडाला टेकवायचं आन दोरी वढायची. ठिनगी येतीय का न्हाई, डोळ्यानं दिसती." केलं तसं. भुजंगानं प्लग धरला, मी दोरी वढली. दिसली का? कुनी म्हनला दिसली, कुनी म्हनला न्हाई. भुजंग म्हनला, "उजेडात कशी दिसंल? अंधार पायजे. काळोख करा." आता भर दिवसा काळोख कुठून करायचा? तर सासरवाडीकडनं मुंजाजीवर घालायला एक जाड पांढरी चादर आलेली, घडी मोडायची राहिलेली. ती घेतली. इचारून घेतली, बरं का! आन मी, भुजंग, पंडितकाका आन सुगत, चौघं त्या चादरीखाली डोक्याला डोकं लावून मांडी घालून बसलो. डोळ्यापुढं आना हो ते चित्र. एका बाजूला चादरीखाली मेलेला एकजन, दुसऱ्या बाजूला चादरीखाली जिते चौघं. एक पाव्हना उशिरा आला चारठान्याहून, तेनं धाय मोकलली आन पाया पडला. आमच्या!

आन चादरीखाली? घाम, तंबाखूचा वास, काकाचा दमा, आन… ठिनगी येईना.

आता ह्यो सुगत कोन, तर हरिओमच्या बरूबरचा, झेरॉक्सचं दुकान हाय तेचं. तो म्हनला, "थांबा काका, मोबाईलवर बघतो. सगळं असतंय तेच्यात." म्हनलं बघ. लावला व्हिडिओ. आन आवाज पार शेवटाला! मयतीत, इसाव्यावर, तिरडीपाशी, एकदम, "नमस्कार दोस्तों! कैसे हैं आप सब? उम्मीद है सब बढ़िया होंगे!" बढ़िया! पंडितकाका म्हनले, "हा कोन?" सुगत म्हनला, "तज्ञ हाय." मग तज्ञ म्हनला, पहिले चैनल को सब्सक्राइब कर लो. मग मधीच जाहिरात लागली, मानूस गेल्यावर घरच्यांना पैसे देनाऱ्या इम्याची! हरिओम नुस्ता आ करून बघायलाय. मी म्हनलं, "अरे पळव म्होरं ते!" तिकडं आभाळ गुरगुरायलंय, इकडं जाहिरात पळंना, आन माझ्या कानात केवळाबाईचं एकच, तेन्ला भिजू देऊ नका. तुमाला सांगतो, असं वाटलं, ते मशीन वढ्यात फेकावं आन मुंजाजीला एकट्यानं पाठकुळी घिऊन निघावं त्या गवतातून. घोनस चावली तर चावली. दोघांचं संगंच उरकलं असतं.

पन तज्ञ बोलला शेवटी. म्हनला, बटनापासून इंजनाकडं एक काळी वायर जाती. बटन बंद केलं की ती वायर ठिनगी मारून टाकती. कवा कवा ती वायर आतल्या आत सोलवटती, लोखंडाला चिकटती, मग बटन चालू असलं तरी इंजनाला वाटतंय बंदच हाय. ती वायर सोडवून बघा. ठिनगी आली, तर वायरमधी खोट. बस, एवढंच! मुंजाजी खुटखुट करायचा ते हेच की! तेला ठाऊक होतं ती वायर कुठं चिकटती ते. बोटानं सारायचा बाजूला. स्वभाव म्हने!

काढली वायर. कुनाच्या तरी खिशातल्या बारक्या चाकूनं टुचकन तोडली, दिली बाजूला टाकून. परत चादर, परत चौघं, भुजंगाच्या हातात प्लग. भुजंग म्हनतोय, "त्या फोनवाल्याला काय कळतंय? कॉईल जळालीय, मी सांगतो, कॉईलच…" आन मी वढली दोरी.

आली! निळी, टचकन, काजव्यासारखी! आन आली ती सरळ भुजंगाच्या बोटात! वला हात होता तेचा. असा झटका बसला बघा, चादरीसकट उभा राहिला आन बोंबलला, "आई गं! मेलो रं मेलो!" बाहेरच्यांना काय ठाऊक? तेन्ला वाटलं, दुःखाचा बांध फुटला! ज्याचं मुंजाजीशी बोलनं बंद, तो भुजंग चादर गुंडाळून तिरडीपाशी लोळायलाय, हात छातीशी, डोळ्यातून पानी. सगळं गाव गलबललं. लोकं तेला धरायलेत, "सावरा भुजंगराव, सावरा. किती माया होती बघा मनात!" मागची चार मानसं तर हुंदके दिऊन रडायला लागली. आन भुजंग काय करंल? एकदा बघितलं सगळ्यांकडं, आन मग तोंड झाकून खरंच रडला. मी जवळ होतो, मला कळतंय झटक्याचं रडनं कुठं संपलं आन दुसरं कुठं सुरू झालं ते. हळू म्हनला, "मीच बांध एक हात सरकवला असता मागं तर काय झालं असतं रं." मी तेच्या हातातून प्लग घेतला आन बसवला.

वढली दोरी… भुर्रर्रर्र! अहाहा! सगळं गाव ओरडलं, "चालू झालं रं!" एका दोघांनी टाळ्याबी वाजवल्या, मग तिरडी दिसली तसं हात मागं घेतले. पाना इमानदारीत मुंजाजीच्या उशाला परत ठेवला, म्हनलं, "घे बाबा तुझा पाना," पट्टा गळ्यात घातला, आन घुसलो गवतात. असं कापलं, असं कापलं! बोराटी उडायली, गाजरगवत उडायलं, बेडकं उडायली, घोनस असली तरी ती कवाच जिंतूरला पोचली आसंल. मी म्होरं, माझ्या मागं मडकं घिऊन हरिओम, तेच्या मागं मुंजाजी. मागं वळून बघितलं तर माझ्या जागी, म्होरल्या उजव्या खांद्याला, भुजंग! म्हनलं, ठीक हाय. मसनवाट्यात पोचलो की मशीन बंद करतो, आन तिथून सरनापर्यंत तरी घेतो खांदा.

पोचलो. बटन दाबलं. बंद होईना.

परत दाबलं. बंद होईना! मग डोक्यात उजेड पडला. अरे, बंद करायची वायर तर आपनच काढली! जी चालू होऊ देत न्हवती, तीच बंद करनारी! मागं इसाव्यावर पडलीय ती, चिखलात! बरं, चोक लावून कोंडावं, तर चोकची दांडी दोरी वढताना माझ्याच हातात आलेली. रेस सोडावी तर तिची तार अडकलेली, ते आपलं फुल्ल! प्लगची टोपी उपटावी, तर भुजंग लांबनंच हात जोडायलाय, "मी एकदा खाल्लाय, दुसऱ्या कुनाला सांगा." तसंच खाली ठेवावं तर म्होरली दोरी गरगर फिरायली, कुनाचा पाय जाईल, कुनाचं धोतर जाईल. पंडितकाका तोंडानं कायतरी म्हनायलेत, ऐकू येईना, मग हातानं खूण केली. लांब जा! लांब!

आता काय करता? गेलो लांब. आन नुस्तं उभं राहून तरी काय करू, म्हनून कापत राहिलो.

तिकडं सरन रचून माझ्या दोस्ताला वर ठेवलं. मी लांबनं बघायलोय. हरिओमनं पानी फिरवलं, घागर फोडली, ती फुटल्याचाबी आवाज मला आला न्हाई. पंडितकाकाचे ओठ हालले. सरपंचानं भाषन केलं. श्रद्धांजलीचं भाषन हो, आमच्याकडं त्याबिगर मानूस जळत न्हाई. हात वर केले, खाली केले, छातीवर मारले, आन एका मानसाला एक शब्द ऐकू आला न्हाई. सगळे मान डोलवायलेत. लोकं म्हनतेत, सरपंचाचं इतकं चांगलं भाषन आजपातूर झालं न्हाई. मग अग्नी लागला, आन मी रडलो. तुमाला सांगतो, असा रडलो, पावसाळाभर साठलेलं होतं ते सगळं, गळा फाडून, "मुंज्याऽऽ" म्हनून! एकानं मान वळवून बघितलं न्हाई. मशीनच्या आवाजात मला सोतालाच ऐकू आलं न्हाई, तेन्ला कुठून येनार?

जाळ धरला चांगला. लाकडं कोरडी होती, भडकली. मग पावसाचे थेंब आले, पन तवा जाळ एवढा झालेला की पाऊसच बेजार झाला. भिजला न्हाई मुंजाजी. तेवढं झालं. मग लोकं निघाली, मागं वळून न बघता, रीत हाय तशी. माझ्याबिगर समदे गेले. मी कापायलोय. पार कुंपनापर्यंत कापलं, पिंपळाखालचं कापलं, जुन्या ओट्यांभोवतीचं कापलं. कुनाच्या जलमात इतका साफ मसनवाटा बघितला नसंल. शेवटी पेट्रोल संपलं. भुर्र… भुर… फुस्स. आन एवढी शांतता झाली हो एकदम. नुस्ता जाळाचा तडतड आवाज. आता बोलायला हरकत न्हवती, कुनी अडवायला न्हवतं, तर मला काय बोलावं तेच सुचंना.  मग वढ्यावर आंघोळ केली, मशीन धुतलं, आन वल्या अंगानं मुंजाजीच्या घरी गेलो. मातीहून आलं की त्या घरी टेकावं लागतंय, आपली रीत.

तर घरात वेगळाच गोंधळ! बाया केवळाबाईला धरायलेल्या. "अगं, आज चूल पेटवू नये, सुतक हाय, शेजारनीनं पिठलं-भाकरी आनलीय, इझव ते!" आन केवळाबाई चुलीपुढं. चुलीवर पातेलं. चहा उकळायलाय. कुनाचं ऐकायलीच न्हाई. मला बघितलं, मग माझ्या खांद्यावरच्या मशीनकडं बघितलं. वढ्यापलीकडं मसनवाटा, आवाज सगळा सरळ घरात येतोय, मघापासून ऐकत बसलेली ती. शांतपनानं म्हनली, "मशीन बंद झालं म्हनून टाकला. मशीन बंद झालं की येतेत ते चहाला."

बाया तोंडाला पदर लावून रडायल्या. ती न्हाई रडली. कपात वतला, बशीत थोडा सांडला, तसाच माझ्या म्होरं धरला, माझ्या तोंडाकडं न बघता, मशीनकडं बघून. म्हनली, "लय येळ चाललं आज."

मी बसलो खाली. कप घेतला. म्हनलं, "व्हय… गवत लय होतं."